लडाखचा कॅमेरा, मंठ्याची धूळ

जालन्यात मोटारसायकलवर फिरायला कॅमेरा घ्यायचं ठरवलेला तरुण सगळ्यात आधी लडाखला जाऊन येतो. मोबाइलवर. खारदुंगला, पँगाँग, बर्फातून वाहणारे ओढे, उणे दहा अंश, सगळं बघून होतं आणि मग कॅमेऱ्याची यादी तयार होते. बर्फात चालणारा, समुद्रात चालणारा, विमानातून पडला तरी हसत उठणारा. यादीत फक्त मंठा रोडची धूळ नसते. ती रोज त्याच्या गाडीच्या सीटवर बसलेली असते, म्हणून तिची दखल घ्यायची पद्धत नाही.

तेव्हा आधी आपली भौगोलिक परिस्थिती समजून घेऊ. जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडाही जोडला गेला. जालन्यासाठी निधोन्याला चढाय-उतरायची सोय करून दिली. रस्ता असा की चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला तर हिंदकळणार नाही. आणि या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे! म्हणजे ज्याला कॅमेरा हलू नये असं वाटतं, त्याला न हलणाऱ्या रस्त्यावर प्रवेश नाही. त्याने जायचं अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर, भोकरदनच्या रस्त्यांनी. पुढे उसाची ट्रॉली, मागे सळईचा ट्रेलर, बाजूला खडीचा हायवा आणि मधे आपण. गाडी स्प्लेंडर असो की बुलेट, काळ्या मातीची पूड सगळ्यांना समान वागवते. कॅमेरा घ्यायचा तो या रस्त्यासाठी. लडाखला माणूस आयुष्यात एकदा जातो, मंठ्याला दर आठवड्याला जावं लागतं.

आता दुकानात जाऊ. समोर चार जातीचे कॅमेरे आहेत आणि चौघांचेही भक्त आहेत.

पहिली जात सुंदर फोटो काढणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांची. सोनीचा आरएक्स१०० मालिकेतला, कॅननचा जी७एक्स, रिकोचा जीआर थ्री. खिशात मावतात आणि फोटो असे काढतात की लग्नाच्या फोटोग्राफरनेही दोनदा बघावं. बटण दाबलं की लेन्स डौलात बाहेर येते, बंद केलं की आत जाते. खोट नेमकी तिथेच आहे. ती नळी मागेपुढे होताना कॅमेरा हवा आत ओढतो, हवेबरोबर धूळ येते आणि ही मंडळी धूळपाण्यापासून बंदिस्त केलेली नाहीत. सेन्सरवर एक कण बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी एक काळा ठिपका. घारीचा म्हणून दोन फोटो खपतात, तिसऱ्यात लोक विचारतात, ही घार उडत का नाही?

दुसरी जात ॲक्शन कॅमेऱ्यांची. गोप्रो, डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन वगैरे. हे धूळ खातात, पाणी पितात, मार सोसतात. हलणारं चित्र ते हिशोबाने सावरतात: चित्राच्या कडा थोड्या कापायच्या आणि उरलेलं जागेवर ठेवायचं. गोप्रोने २०१८ च्या सातव्या हिरोत ही करामत खरी जमवली. यात लेन्स तरंगत नाही, त्यामुळे हँडलच्या खडखडाटात तुटण्यासारखं आत फारसं नसतं. हँडलवर बांधायला हाच बरा. पण हा रुंद बघणारा प्राणी आहे. दूरचा राजूरचा कळस त्यात मोहरीएवढा येतो आणि स्वतःचा अंगठा भोपळ्याएवढा. गाडी उभी केली आणि वारा थांबला की मे महिन्यात तो तापतो, तापला की न सांगता बंद पडतो. मालक मात्र पुढचा अर्धा तास त्याच्याशी बोलत असतो.

या जातीने आपल्याकडे एक नवा वक्ता घडवला. पूर्वी गावात पारावर बोलणारे होते, आता हेल्मेटमध्ये बोलणारे आहेत. ‘हाय गाईज’ म्हणून सुरुवात, मग देऊळगाव राजापर्यंत खड्ड्यांचं धावतं वर्णन. तीन तासांचं चित्रण घरी येतं आणि तसंच कार्डात झोपतं. ते बघायला बायको तयार नसते, आई तयार नसते आणि खरं तर तो स्वतःही तयार नसतो. शिवाय आपल्याकडे हेल्मेटची अधिकृत जागा कोपर किंवा आरसा. त्यामुळे हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात निम्मा प्रवास पेट्रोलच्या टाकीचा येतो.

तिसरी जात ३६० अंशांत बघणाऱ्यांची. पुढून-मागून दोन फुगीर लेन्स, म्हणजे पहिल्या खडीला दोन दारं उघडी. कंपन्यांना हे कळलं आहे. इन्स्टा३६० ने २०२५ च्या एक्स५ मध्ये लेन्स घरी बदलता येईल अशी सोय केली. कंपनीच ‘फुटणार’ म्हणत असेल तर आपण वाद घालू नये.

चौथी जात खरी दणकट म्हणवणाऱ्यांची. तिचा आजचा म्होरक्या म्हणजे ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७. २०२३ मध्ये आला, अमेरिकेत ५५० डॉलरला. म्हणजे आपल्याकडे चालत्या जुन्या स्प्लेंडरच्या भावात. वजन पाव किलो. लेन्स बाहेर येतच नाही, सगळी हालचाल पोटातल्या पोटात. पुस्तिका सांगते: १५ मीटर पाण्यात चालेल, २.१ मीटरवरून पडला तरी चालेल, १०० किलोचा दाब सोसेल, उणे १० अंशांत गारठणार नाही.

ही आश्वासनं एकेक करून जालन्यात आणू.

१५ मीटर पाणी. आपल्याकडे एवढं पाणी बघायला विहिरीत डोकवावं लागतं आणि उन्हाळ्यात तिथेही तळच दिसतो. घाणेवाडीचा तलाव आटला की शहर गाळ काढायला उतरतं. तरीही हे आश्वासन फालतू नाही. या कॅमेऱ्यात पाणी जिथून शिरत नाही तिथून धूळही शिरत नाही, आणि धुळीने माखलेला कॅमेरा घरी आल्यावर नळाखाली धरून धुता येतो. बाकी तीन जातींपैकी पहिलीला हे सुख नाही. आणि पाण्याची चेष्टाही जपून करावी. सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात पावसाने शेतं, रस्ते आणि गोठे एक केले तेव्हा खिशातल्या कोरड्या कॅमेऱ्याची किंमत अनेकांना कळली.

२.१ मीटर उंची. म्हणजे उंच माणसाच्या डोक्याच्या थोडं वरून सोडलेला कॅमेरा. तो जमिनीवर आदळतो तेव्हा वेग असतो ताशी साधारण २३ किलोमीटर. आपण चालवतो साठने. धक्क्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे हिशोब जवळजवळ सातपट. शिवाय कंपन्या पाडायची चाचणी घेतात ती जाड प्लायवूडवर. आपल्याकडे रस्त्यावर अजून प्लायवूड टाकायला सुरुवात झालेली नाही. तात्पर्य: हातातून निसटला तर वाचेल, चालत्या गाडीवरून सुटला तर देवाला नारळ. मनगटात दोरी घाला, ती फुकट मिळते.

१०० किलोचा दाब. एका माणसाने चुकून वर बसायला परवानगी. ट्रिपल सीटचा उल्लेख पुस्तिकेत नाही.

उणे १० अंश. हे वाचून आपण सगळे प्रभावित होतो, कारण जालन्यात ते कधीच तपासावं लागणार नाही. तपासायचा तो वरचा आकडा. तो बारीक अक्षरात असतो: ४० अंशांपर्यंत. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत बसलेला पाराच चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या टँकबॅगमध्ये काय होतं ते हात घालून बघा. म्हणजे आपण घेतो तो कॅमेरा थंडीला भीत नाही आणि जालन्याच्या उन्हाळ्यात मात्र कंपनीच्या लेखी हद्दीबाहेर काम करतो. इलाज साधा आहे. दुपारी तो टाकीवर ठेवू नका, कापडात गुंडाळून सावलीच्या बाजूच्या पिशवीत ठेवा, आणि फोटोसाठी सकाळी निघा. दुपारच्या उन्हात तसाही फोटो पांढराफटकच येतो.

आता दुकानदाराला कोड्यात टाकणारा प्रश्न. डब्यावर आयपी६८ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीत ६ म्हणजे कण आत जाणार नाही. ५ म्हणजे जाईल थोडी, पण काम अडणार नाही. पाण्यात ७ म्हणजे एक मीटरमध्ये अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगेल. आणि कुठे आयपीएक्स८ दिसलं तर त्यातला एक्स हा बोनस नसतो. धुळीबद्दल कंपनीने त्या शिक्क्यात काहीच सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाण्याचा आकडा बघून खूश झालेलं गिऱ्हाईक एक्सकडे बघत नाही. जालन्यात मात्र आधी एक्सकडेच बघायचं.

“मग मोबाइल काय वाईट, मामा?” असं भाचा विचारतो. त्याचा मोबाइल हँडलवरच्या चिमट्यात, ऊन खात, नकाशा दाखवत. वाईट काही नाही, त्याला तिथून काढ. २०२१ च्या सप्टेंबरात खुद्द ॲपलने जाहीर सांगितलं की दणकट इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलवर आयफोन बांधू नका. कंपनांनी कॅमेऱ्यातली चित्र सावरणारी आणि फोकस साधणारी यंत्रणा बिघडू शकते. लहान इंजिनाच्या स्कूटर-मोपेडलाही कंपनं शोषणारा चिमटा लावा म्हणाले. कारण सरळ आहे. या यंत्रणेत लेन्स चुंबकांच्या जोरावर अधांतरी तोललेली असते, हात थरथरला की ती उलट सरकते. हाताची थरथर ती सोसते. बुलेटची थरथर तिच्या करारात नाही. ज्या कॅमेऱ्यात लेन्स किंवा सेन्सर असा हलतो, त्या सगळ्यांनाच हे लागू. टीजी-७ सुद्धा खिशातच बरा. पन्नास हजारांचा मोबाइल दीडशे रुपयांच्या चिमट्याला लावायचा आणि महिन्याने फोटो धूसर येतो म्हणून कंपनीला शिव्या द्यायच्या, हा आपला राष्ट्रीय छंद झाला आहे.

आता एक गंमत बघा. दणकट कॅमेऱ्याच्या जाहिरातीत नेहमी डोंगर चढणारा, लाटांवर स्वार होणारा गोरा गडी असतो. पण जपानमध्ये कोनिकाने १९८० च्या दशकाच्या शेवटी ‘गेन्बा कांतोकू’ नावाचा जाडजूड कॅमेरा काढला तो सहलीसाठी नव्हे, बांधकामाच्या साइटवर सिमेंट-धुळीत उभ्या असलेल्या मुकादमांसाठी. हातमोजे घालून दाबता येतील अशी बटणं, धूळ आणि पावसाचे शिंतोडे सोसणारं अंग. कामावरचा कॅमेरा. आपल्याला हवा आहे तो हाच वंश.

कारण जालन्यात मोटारसायकल आणि कॅमेरा हे दोन्ही रोज बरोबर नेणारी माणसं भटकंतीवाली नाहीत. १९६४ मध्ये इथे महिको सुरू झाली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. बियाणे कंपनीचा फील्डवरचा पोरगा सकाळी निघतो, चार गावं, दहा प्लॉट. जाफराबादकडे शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीचं क्रॉसिंग चालू असतं. फुलाची पाकळी सोलली आहे का, आतले पुंकेसर काढले आहेत का, हे त्याला फोटोतून दाखवायचं असतं. कपाशीत डोमकळी दिसली तर ती उघडून आतली गुलाबी बोंडअळी टिपायची असते. इथे टीजी-७ ची एक कला कामाला येते: एक सेंटिमीटरवरून फोटो. नखाएवढ्या फुलातला बारकावाही स्पष्ट दिसतो. या कामाला मेगापिक्सेलचा डोंगर लागत नाही. त्याच्यात १२ आहेत आणि ते पुरतात. सेन्सर मात्र बारका आहे. संध्याकाळनंतर काढलेला फोटो वाळूवर काढल्यासारखा दिसतो, हे विकत घेण्याआधी ऐकून ठेवा.

दुसरा माणूस तालुक्याचा वार्ताहर. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, फोटो पेपरचा. तिसरा लग्नाचा फोटोग्राफर. मोठा कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत, बॅग करवलीसारखी सांभाळलेली. चौथा खुद्द शेतकरी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सरकारने प्रत्येक बांधावर एक फोटोग्राफर नेमला, बिनपगारी. स्वतःच्या सोयाबीनचा फोटो स्वतः काढायचा, अक्षांश-रेखांशासकट चढवायचा, रेंज नसेल तर हात वर करून उभं राहायचं. या चौघांना विचारा कॅमेरा कसा असावा. चौघेही एकच सांगतील: पटकन निघाला पाहिजे, धुळीत मेला नाही पाहिजे, आणि सेंटरला दुरुस्तीला जायची वेळ आली नाही पाहिजे, कारण सेंटर पुण्यात असतं.

‘पटकन निघाला पाहिजे’ हे वाक्य सोन्याचं आहे. डिकीत, चेनच्या आत, पाऊचच्या आत, पिशवीच्या आत ठेवलेल्या कॅमेऱ्याने आजवर एकही हरीण टिपलेलं नाही. हातमोजा न काढता, एका हाताने, दहा सेकंदांत चालू होतो का, हे दुकानातच करून बघा. दुकानदार हसेल. हसू द्या. फक्त एक पथ्य: कॅमेरा जॅकेटच्या छातीवरच्या खिशात ठेवू नका. पडलात तर तो वाचेल आणि बरगडी जाईल. १०० किलोचा दाब सोसायची हमी त्याची आहे, तुमची नाही. कमरेच्या बाजूचा पाऊच किंवा, ऊन चढेपर्यंत, टँकबॅगचा वरचा कप्पा बरा.

निगेबद्दल दोन शब्द, कारण आपण वस्तू घेतो आणि निगा नशिबावर सोडतो. लेन्सवर धूळ दिसली की खिशातली दस्ती काढून खसाखसा पुसायचं ही आपली जुनी रीत. त्या धुळीत गारगोटीचे कण असतात. दस्तीखाली ते सँडपेपरचं काम करतात. आधी रबरी पंपाने फुंकायचं, बंदिस्त कॅमेरा असेल तर पाण्याखाली धरायचं, मगच मऊ कापड. बॅटरीच्या झाकणाला रबराची बारीक कड असते. ती कड हाच सगळा दणकटपणा. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण बसला की १५ मीटरचं आश्वासन बादलीत बुडतं. झाकण रस्त्यावर उघडू नका. कार्ड आणि बॅटरी घरी बदला. ही कड वर्षाने बदलून घ्या असं कंपनीही सांगते. सांगते पुस्तिकेत, म्हणजे कोणी वाचत नाही तिथे.

आणि एवढं करून फोटो कशाचा काढायचा? हा प्रश्न यादीत सगळ्यात खाली असतो. १८४४ मध्ये मद्रास फलटणीतल्या रॉबर्ट गिलला अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला पाठवलं. तो तिथे वर्षानुवर्षं राहिला. त्याने रंगवलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. पण त्याने कॅमेराही हाती घेतला होता. त्याच्या फोटोंचं पुस्तक १८६४ मध्येच निघालेलं. काचेच्या प्लेटा घेऊन आपल्या शेजारच्या डोंगरात राबणाऱ्या त्या माणसाला कोणी मेगापिक्सेल विचारले नाहीत. त्याला काय टिपायचं ते माहीत होतं.

आपल्याला माहीत आहे का? भोकरदन तालुक्यात अन्व्याचं जुनं कोरीव देऊळ आहे. आत अंधार, खांबांवर बारीक काम. २३ सप्टेंबर १८०३ ला जिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रजांचा वेलस्ली भिडले ते असई याच जिल्ह्यात. अंबडची मत्स्योदरी, रोहिलागडची लेणी, समर्थ रामदासांचं जांब. या जांबसमर्थच्या मंदिरातल्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या, नंतर सापडल्या. अशा वेळी पोलीस पहिल्यांदा स्वच्छ फोटो मागतात. आपल्याकडे असतो तो मूर्तीसमोर उभं राहून काढलेला आपलाच फोटो, मागे मूर्तीचा एक कान.

मंठ्यापलीकडे लोणारचं सरोवर आहे. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या जगाला फोटो हवा होता. ज्याच्या खिशात चालू कॅमेरा होता आणि गाडीत पेट्रोल होतं, त्याने काढला. लडाखची यादी करणारे त्या दिवशीही यादीच करत होते.

तर निकाल. हँडलवर काही बांधायचंच असेल तर साधा ॲक्शन कॅमेरा बांधा, मोबाइल नको. थांबून फोटो काढायचे असतील तर लेन्स बाहेर न येणारा बंदिस्त कॅमेरा घ्या, आयपीचा पहिला आकडा वाचून. तेवढे पैसे नसतील तर आयपी६८ वाला मोबाइल खिशात ठेवा आणि त्याचं भिंग फुंकून स्वच्छ ठेवा, नव्वद टक्के काम भागतं. फार सुंदर फोटो हवे असतील तर लेन्स बाहेर येणारा कॅमेरा घ्या आणि एसटीने जा.

आणि या सगळ्याआधी हेल्मेट घ्या. घेतलेलं असेल तर घाला. कॅमेरा त्यानंतर.